झडपेचं माप

"छान झालंय. पण आरसा कुठं गेला?" गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून पोपटनं विचारलं.

"तिथंच की. झडपेच्या खालून बघा," हिरा बाहेरून म्हणाली.

"खालून बघायचं तर मला पायाशी बसून गाडी चालवावी लागेल, ताई."

पोपट हा बिबवेवाडीतल्या त्या सीटकव्हरच्या दुकानातला फिटर, आणि तिरकस बोलणं हा त्याचा जोडधंदा. हिरा तिथंच मशिनवर कव्हरं शिवायची. तिनं त्याला उठवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसली. छतालगतचा व्हायझर बाजूच्या काचेकडे वळवून त्याला तिनं रेक्झिनची झडप लटकवली होती. ऊन पुरतं अडलं होतं आणि झडपेच्या कडेखालून उजवा आरसा स्वच्छ दिसत होता. मग पोपट पुन्हा बसला. त्याचं डोकं छताला टेकायला आलं होतं आणि तेवढ्या उंचीवरून आरसा झडपेआड जात होता.

हिरानं त्याच्या डोक्यापासून छतापर्यंतचं अंतर बघितलं. तिचा नवरा उत्तरेश्वर तर पोपटपेक्षाही उंच होता.

अशीच झडप तिनं काल नवऱ्याच्या टॅक्सीला बसवली होती. संध्याकाळी खडकीकडून परतताना ऊन उजव्या काचेतून थेट त्याच्या डोळ्यात शिरायचं, आणि व्हायझर कितीही वळवला तरी अपुराच पडायचा. मागच्या आठवड्यात एक स्कूटरवाली त्याला दिसलीच नाही. ती वाचली, पण हा घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला. म्हणून काल तो झोपलेला असताना हिरानं टॅक्सीत स्वतः बसून झडप बेतली. सीटकव्हरवाल्यांना गाडीचं माप घ्यायची सवय. गाडीत बसणाऱ्याचं माप कोण घेतं?

"ऊन आलं की झडप खाली पाडतो," असं तो सकाळी म्हणाला होता. आणि आता ऊन आलं होतं.

तिनं फोन लावला. पहिली रिंग वाजली आणि तिनं घाईघाईनं कट केला.

"कट का केलात?" पोपटनं विचारलं.

"चालवता चालवता उचलला म्हंजे?"

पोपट गाडीतून उतरला.

हिरा कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिला भीती वाटत होती, उघडीनागडी भीती. आरशात न दिसलेली प्रत्येक मोटरसायकल तिला दिसत होती. एक ॲम्ब्युलन्स ओरडत गेली. तिनं एका रिक्षावाल्याला थांबवलं.

"पुढं काय झालंय का हो?"

"पुण्यात पुढं काय होणार, बाई? ट्रॅफिक."

ऊन उतरत गेलं. शेवटी ओळखीची पांढरी टॅक्सी वळून दुकानासमोर लागली. उत्तरेश्वर उतरला. धड होता, फक्त मान एका बाजूला धरून.

"काय झालं मानेला?" हिरा कोपऱ्यावरून धावत आली.

"आखडली जरा. तुझी झडप पाडली की आरसा दिसत न्हाई. मग काय, वाकून बसलो आख्खा रस्ता."

"वर करायची होती! काढून फेकायची होती!"

"फेकायची कशी? तू केलीया न्हवं," तो म्हणाला. "आन ऊन बाकी झ्याक अडतंय."

हिरा रस्त्यातच रडू लागली. पोपट दुकानात गेला आणि मापाचा टेप घेऊन आला.

"बसा आत," तिनं पदरानं तोंड पुसून नवऱ्याला सांगितलं. "सरळ बसा."

"सरळच बसलोय की."

नव्हता बसला. अजून वाकलेलाच होता. हिरानं एका हातानं टेप धरला, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या हनुवटीखाली लावलं आणि हळूहळू त्याचे डोळे वर आणले, जिथं ते असायचे तिथं.