गालाला लावलेलं बटण

"अगं बया, काका बटणांचे मुके घेतायत की काय!" टेबलापलीकडून एक पोरगी म्हणाली आणि सगळी रांग फिसकन हसली.

ताईने चमकून तिकडे पाहिलं. शिलाईच्या रांगेवर तिची देखरेख असे, म्हणून सगळ्या तिला ताई म्हणत. आणि बटणांच्या पेटीसमोर बसलेले काका म्हणजे तिचा नवरा. कारखान्यात त्याचा आज पहिला दिवस होता. बटण उचलायचं, भोकं पाहायची, फुटकं असेल तर वेगळं टाकायचं, एवढंच काम. पण त्याचा हात प्रत्येक बटण आधी गालावर फिरवत होता.

तिला ती सवय ठाऊक होती. उभा जन्म त्याने घरी लेथवर शिंपल्याची बटणं कातली. बोटांना घट्टे पडलेले, कड राहिली तरी त्यांना कळायची नाही. गालाला कळायची. टोचलं तर पुन्हा घासायचं, गार आणि गुळगुळीत लागलं तर डब्यात.

मग बंदर मोठं झालं. बाहेरची प्लॅस्टिकची बटणं पोत्यांनी उतरली आणि त्याचा लेथ गप्प झाला. त्याच बंदराच्या जोरावर शर्टांचा हा कारखाना आला. ती शिलाईला लागली, पुढे रांग सांभाळू लागली. पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, लेक नर्सिंगला गेली. तो मात्र बंद लेथला तेल घालत घरी बसून राहिला. हल्ली तर तेवढंही करेना. नुसता भिंतीकडे बघत राही. म्हणून तिने साहेबांकडे शब्द टाकला होता. "माणूस टिकेल ना?" साहेबांनी विचारलं होतं. "टिकेल," ती म्हणाली होती.

जेवणाची घंटा झाली. तो उठला आणि पिशवी घेऊन थेट फाटकाकडे चालू लागला.

"अहो!" ती सवयीने ओरडली. अख्ख्या रांगेने माना वळवल्या.

"ताई, हे 'अहो' कोण हो?" मघाचीच पोरगी.

"गप गं. डबा खा आपला."

ती आपला डबा घेऊन धावत गेली. तो फाटकाजवळच्या पायरीवर बसला होता.

"काय बाईसाहेब, हजेरी घ्यायला आलात?"

"टोमणे नकोत. घरी निघाला होतात ना?"

तिने डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

"ही बटणं बोटीने येतात?" त्याने विचारलं.

"हो."

"कापड?"

"तेही."

"आणि शर्ट बोटीने जाणार. मग इथं काय राहतं?"

"पगार राहतो. लेकीचं कॉलेज राहतं. साहेब म्हणतात, आपलं गाव केवढंसं! दार लावून बसलो तर एकमेकांनाच किती शर्ट विकणार?"

"खरं आहे त्यांचं." तो घास हातात धरून बसला. "दार उघडलं ते बरंच झालं. घरात उजेड आला, तो काय मला दिसत नाही? पण वाऱ्याने नेमका माझाच दिवा गेला, एवढंच म्हणतोय."

तिने भाजी त्याच्याकडे लोटली.

"पोरी हसल्या म्हणून रागावलात?"

"छे गं. हसू देत. मला राग बटणांचा आला. एकालाही कड नाही. घासायला काही ठेवलंच नाही मेल्यांनी."

ती हसली. त्यालाही हसू आलं, अर्धंमुर्धं. घंटा झाली तसा तो उठला आणि आत जाऊन पेटीसमोर बसला.

दुपारभर ती रांगेत फिरत होती, पण लक्ष त्याच्याकडे. बटण घेऊन हात वर जाई, हनुवटीपाशी थबके, खाली येई. पोरींनी हसणं कधीच सोडलं होतं. ऊन खिडकीवरून उतरेपर्यंत हात वर जायचाही थांबला. उचल, बघ, टाक. काम झपाझप होऊ लागलं.

"टिकला की तुमचा माणूस!" जाता जाता साहेब म्हणाले.

"हो," ती म्हणाली. तिला बरं वाटायला हवं होतं.

सुटीच्या वेळी टेबलाखाली एक बटण पडलेलं दिसलं. तो पुढे फाटकाकडे गेला होता. तिने ते उचललं, आजूबाजूला पाहिलं, आणि हळूच गालाला लावलं.

ते ना गार होतं, ना गरम.