विहिरीकडच्या खोलीचा वाटा

दिपालीनं टोपलीतली फुटलेली नेवरी उचलून बाजूच्या ताटात ठेवली आणि बोटं ओढणीला पुसली.

"फुटलली वाट्यात घालू नको गो हर्षा. वैनीच्या म्हायेराचा नाव जातला."

खांबाला टेकून बसलेली जानकीवहिनी हसली. "म्हज्या आवयन हें आयकलें जाल्यार तुकाच सून करून व्हरतली."

लग्नानंतरची वहिनीची ही पहिलीच चवथ, गणपतीची. तिच्या माहेराहून, शिमेवरच्या नदीला होडीची तर लागते त्या केरीहून, सकाळीच ओझं आलं होतं. करंजीसारख्या नेवऱ्या, लाडू, केळ्यांचे घड, सोललेले नारळ. ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पाळी गावातल्या त्या वाड्यावर नव्या सुनेचं ओझं कधी एका घरात राहत नसे. घरागणिक वाटा जायचा. ज्या घरी वाटा गेला ते घर वाड्याचं. त्याच्या बारशाला सगळे हसणार, त्याच्या मढ्याला सगळे खांदा देणार. हे कुणी कुणाला शिकवत नसे.

हर्षा पान मांडत होती, दिपाली भरत होती. दोघी दुसरीपासून एका बाकावरच्या. आता डिचोलीला अकरावीत जायच्या, त्याही एकाच सीटवरून. आतून हर्षाची आई सुमंगला घरांची नावं घेत होती, मध्येच फोडणीचा आवाज नावाला झाकून टाकत होता.

"गोकुळदासबाबागेर एक. भिकाजीगेर एक. महादेवागेर मात्शें चड घाल, थंय बाळंतीण आसा."

नावं संपली. हर्षाच्या हातात एक पान तसंच राहिलं.

"आनी ती बांयकडली खोली?" वहिनीनं विचारलं. "काल थंय धुंवर दिसतालो."

सुमंगला हात पुसत दारात आली. "तें घर न्हय गो, बिऱ्हाड. चवथीक तीं आपल्या गांवांत आसतात. आनी एकदां वांटो दिलो म्हण्टकच दर वर्सा दिवचो पडटा. फाल्यां खनिजाची खण बंद पडली, तीं उठून गेलीं, मागीर?"

आवाजात राग नव्हता. आमटीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. ज्यांचं ते बिऱ्हाड, त्यांची मुलगी समोर नेवऱ्या मोजत बसली आहे, हे तिच्या ध्यानात आलं की नाही, कळलं नाही.

दिपालीनं शेवटच्या पानावरचा नारळ सरळ केला. "बरोबरच मगे काकी. आमी आज चारच्या गाडयेन जातंव. बाबांका रजाच गावत नाय होती, म्हणान उशीर."

पायऱ्या उतरताना हर्षा तिच्यामागून गेली. नदीपलीकडच्या रेडीतलं दिपालीचं घर तिनं कधी पाहिलं नव्हतं. दर वर्षी ती खोदून खोदून विचारायची. ओटा किती उंच, गणपती कुठल्या भिंतीला, मूर्तीवर टांगायच्या माटोळीला रानातलं काय काय बांधतात.

"औंदां सगळें नीट पळय हां. आयल्याउपरांत सांग."

"सांगतंय," दिपाली म्हणाली. वळून बघितलं नाही.

हर्षा परत आली आणि हातातलं पान मांडून त्यावर नेवऱ्या ठेवू लागली.

"तो कोणालो?" आई.

"उरलो."

"वांटो उरना, चेडवा. करचो पडटा." सुमंगलानं सुनेकडे बघितलं. सून छपरातली कौलं बघत होती. "कुलपाक दितलें तूं वांटो?"

आत भांडं उतू गेलं आणि सुमंगला धावली. हर्षानं टोपलीवर फडकं टाकलं.

पाऊस थांबला होता. वहिनी पुढं, हर्षा टोपली घेऊन मागं. प्रत्येक उंबऱ्यावर वहिनी वाकायची, कुंकू लावून घ्यायची, घरातल्या म्हातारीचं नाव विचारून पुढल्या घरापर्यंत ते तोंडात घोळवायची. दोन घरांमधल्या वाटेवर हलकेच गुणगुणायची:

*माहेराचं गे ओझं, गेलं वाड्यावाड्यांतून,*
*जिथं उंबरा लागला, तिथं आलें मी वाकून.*

वळणावर ट्रकांचं आवार होतं. त्याच्या भिंतीवर गेल्या साली रंगवलेल्या भाषेच्या घोषणा, त्यांच्या डोक्यावर यंदाच्या नव्या राज्याच्या. पावसानं दोन्ही एकमेकांत उतरल्या होत्या. आत खनिजाचे ट्रक ताडपत्र्या पांघरून उभे होते. पाऊस लागल्यापासून हलले नव्हते. टायरांभोवती गुडघाभर गवत वाढलं होतं. एका टपाखाली दोघे ड्रायव्हर पत्ते खेळत होते.

हर्षा थांबली. त्या रांगेत दिपालीच्या बाबांचा, सखारामचा ट्रकही होता.

"कितें गो?"

"वयनी, पावसांत ट्रक उबे आसतात. मागीर रजा कसली?"

वहिनीनं ट्रकांकडे बघितलं, मग हर्षाकडे.

गोकुळदासबाब सोप्यावर खुर्ची टाकून बसले होते. विहिरीकडची खोली त्यांचीच. वाटा घेताना म्हणाले, "तुजी इश्टीण गेली मगो? दनपारांच कुलूप पडलां. आतां गोंय राज्य जालें, शिमेर पासपोर्ट विचारतले तिका!" आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

टोपलीत एकच पान उरलं. घरी जायची वाट डावीकडे होती. वहिनी उजवीकडे वळली.

दाराला कुलूप होतं. हर्षानं वाकून टोपली ठेवली, आणि वाकल्या जागी तिला ताज्या खोबऱ्याचा वास आला. तिनं कान दिला. आत आदोळीवर नारळ खवला जात होता, खसखस, खसखस. मग तेही थांबलं.

दाराला लागूनच खिडकी. गजांतून हात काढला की कडीपर्यंत पोचतो. लहानपणी दोघी अशाच बाहेरून कुलूप लावून आत लपायच्या.

"दिपाली."

वहिनी खिडकीजवळ गेली. "हांव केरीची गो," ती बंद फळीला म्हणाली. "तरीर हांवें कितलेशेच पळयल्यात. चवथीक न्हंयेमेरेन येतात आनी पलतडीं वचनासतना परततात. कोणूच तांकां हांसूंक ना."

फळी बोटभर उघडली. दिपालीचे डोळे. तिच्यामागं अंधारात तिची आई लक्ष्मी आदोळीवर बसलेली, तोंड भिंतीकडे.

"गावच्या काकान निरोप धाडल्यान," दिपाली म्हणाली. "औंदा येव नको. जमनीवरसून भांडाण. बाबा सकाळपासून खय गेलेत म्हायत नाय." मग थांबून, "चवथीक घराक नाय गेलेली माणसां म्हणान लोक बघतीत गो. त्यापरास कुलूप बरा."

"म्हाका सांगपाचें आशिल्लें."

"तू तुज्या आवशीक सांगलं असतंस."

"सांगलें नासतें." हर्षानं खिडकीचा गज धरला. "सांगलेंय आसतें. खबर ना."

दिपालीचे डोळे तिच्यावरून हलले नाहीत. मग त्या डोळ्यांच्या कडा किंचित सैल झाल्या.

हर्षानं पान उचलून गजांशी धरलं. नेवऱ्या गेल्या असत्या, केळीही एकेक करून गेली असती. नारळ गजांत अडला. तिनं तो आडवा केला, उभा केला.

"ऱ्हवांदे. नेवऱ्यो दी, पुरे," दिपाली कुजबुजली.

"वांटो मोडूंक जायना."

"मगे?"

हर्षा नारळ गजांना टेकवून तशीच उभी राहिली. आत आदोळी सरकल्याचा आवाज झाला.

"चावी दी गो तिका," लक्ष्मी म्हणाली. तोंड अजून भिंतीकडेच होतं.

गजांतून दिपालीचा हात बाहेर आला. खोबऱ्याचा कीस मनगटापर्यंत चिकटलेला, मुठीत चावी. पण हर्षानं ती धरली तरी मूठ सुटली नाही.

"आदी बघ. वाटेर कोण असा काय?"

हर्षा वळली. गोकुळदासबाब खुर्चीवरून उठून सोप्याच्या कठड्यापर्यंत आले होते. विहिरीवर दोन बायका, दोर ओढता ओढता थांबलेल्या. आणि वळणावर, पदर डोक्यावरून घेऊन, डोळ्यांवर हाताची सावली धरून सुमंगला उभी होती.

"आसात," हर्षा म्हणाली. "सगळीं आसात."

मूठ उघडली. हर्षानं चावी घेतली आणि कुलपात घातली.