मावसबहीण

"टेंपो दे त्या पोरींना. पताका लावू देत, रंगवू देत, काय हवं ते करू देत. पण तू चालवू नकोस," डबा भरता भरता सिस्टर म्हणाली.

"अगं, त्या क्लचवर दुसऱ्या कुणाचा पाय बसत नाही."

"मिरवणूक हॉस्पिटलवरून जाणार आहे. माझ्या हॉस्पिटलवरून."

टेंपोवाली डब्याचं झाकण लावू लागली. वीसेक वर्षं दोघी दोन खोल्यांत संसार करत होत्या. घरमालकिणीपासून वॉर्डातल्या आयाबाईंपर्यंत सगळ्यांना सिस्टरनं एकच सांगितलं होतं, मावसबहीण आहे. टेंपोवालीनं ते कधी खोडलं नव्हतं. दिवसभर लोकांची कपाटं-पलंग वाहायचे आणि संध्याकाळी घर गाठायचं. जगाला काय सांगायचं ते सिस्टर बघून घेई.

पण यंदा लेस्बियन संघटनेच्या पोरी घरी आल्या होत्या. रस्त्यावरच्या कार्निव्हलमध्ये त्यांना पहिल्यांदाच जागा मिळाली होती आणि गाडी द्यायला कुणी तयार नव्हतं. "नाही म्हणालात तर पायी जाऊ, मावशी," त्यांतली एक म्हणाली होती. "पण जाऊ तर नक्कीच." ते बोलणं टेंपोवालीच्या मनातून जाईना. शेवटी ती स्वतःच स्टिअरिंगवर बसली.

पताकांमुळे टेंपो ओळखू येत नव्हता. मागे पोरी ढोल बडवत होत्या. कुणी पंख लावले होते, कुणी मिशा रंगवल्या होत्या. फुटपाथवर कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी तोंड फिरवत होतं. एक म्हातारा ओरडला, "लाज नाही वाटत?"

"नाही!" पोरी एका सुरात ओरडल्या. टेंपोवालीला हसू आवरेना. इतकं मोकळं ती कधी हसली होती, तिला आठवेना.

हॉस्पिटलसमोर मिरवणूक थांबली. पायऱ्यांवर ही गर्दी. टेंपोवालीनं टोपी पुढे ओढून मान खाली घातली. पण सिस्टर पायऱ्या उतरून सरळ खिडकीपाशी आली.

"सकाळपासून पाणी प्यायली नसशील. घे."

पाठोपाठ आयाबाई आल्याच. "अगंबाई! सिस्टर, या तुमच्या मावसबहीण ना?"

"हो, हो, मावसबहीण," टेंपोवालीच घाईघाईनं म्हणाली. "भाडं मिळालं म्हणून आलेय. आपलं काय, धंदा."

सिस्टरनं तिच्याकडे बघितलं. मग आयाबाईंकडे वळली आणि पेशंटला औषधाची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाली, "बहीणबिहीण नाही, आयाबाई. माझं माणूस आहे ते."

"म्हणजे... तुम्ही दोघी...?"

"हो. दोघी."

पुढून शिट्टी झाली. टेंपोवालीनं गिअर टाकला, पण तिला समोरचं धड दिसेना.

"आधी डोळे पूस," सिस्टर म्हणाली, "नाहीतर ठोकशील कुणाला तरी."

टेंपो हलला. बाजूच्या आरशात तिला पायऱ्या दिसल्या. आयाबाई आत निघून गेल्या होत्या. बाकीचेही जरा सरकून उभे राहिले होते. मधल्या मोकळ्या पायरीवर सिस्टर एकटीच उभी होती, पांढऱ्या गणवेशात, हात उंच करून. टेंपो वळेपर्यंत तो हात खाली आला नाही.