पास्कल की कोबॉल

कर्जतच्या एका कॉलेजात १९८७ साली कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, तेव्हा प्रोग्रॅम लिहायची कोणती भाषा शिकवायची हे ठरवायचं काम ओव्हाळबाईंवर आलं. जना ओव्हाळ भिसेगावात राहायच्या, गणित शिकवायच्या आणि मुंबईला जाऊन कॉम्प्युटर शिकून आल्या होत्या. यंत्रं दोनच, तेव्हा भाषाही एकच शिकवता येणार होती. बँका-कारखान्यांत कोबॉल चालतं, तेच शिकवा, असं प्राचार्यांचं म्हणणं. बाईंचा जीव मात्र पास्कलवर. पास्कलनं मुलांना नीट विचार करायची सवय लागते, हे त्यांनी इतकं पोटतिडकीनं सांगितलं की प्राचार्यांनी मान डोलावली.

वर्ष छान गेलं. कडावचा विठू तर असा रमला की यंत्र मोकळं होईपर्यंत कागदावरच प्रोग्रॅम लिहीत बसे. मग खोपोलीच्या एका कारखान्यात जागा निघाल्या. वर्गातले बरेच जण गेले आणि तोंड पाडून परत आले.

विठू स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. तो रागावलेला नव्हता, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

"बाई, तुमी शिकवलंत ते सगळं येतंय. पन तिथं कोबॉल येतं का, एवढंच इचारलं. मी नाय म्हनलो."

त्या संध्याकाळी बाईंना जेवण जाईना. त्यांची आई येसूबाई शेजारी येऊन बसली.

"मला आवडलं ते शिकवलं गं मी," बाई म्हणाल्या. "त्यांना काय लागतं, ते विचारलंच नाही."

"चुकलं तर चुकलं. पोरं कुठं पळाली हायत?"

रविवारी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. कोबॉल आपल्यालाही येत नाही, बरोबरच शिकू, असं सरळ सांगितलं. फळ्यावर लिहिताना त्या अडखळत. ओळीशेवटचा एखादा पूर्णविराम राहून जाई, यंत्रावर अख्खा प्रोग्रॅम अडे, आणि विठू हसू दाबत चूक दाखवी. पण नवी भाषा पोरांनी भराभर उचलली. पास्कलची शिस्त कामी येत होती. बाईंनी ते बोलून दाखवलं नाही.

पुढच्या भरतीत विठू आणि वर्गातली एक मुलगी नोकरीला लागली. बाकीच्यांना वाट पाहावी लागली; एकानं तर कंटाळून वडिलांचं दुकान धरलं.

नव्या वर्षी बाईंनी आधी मुलांनाच विचारलं. बहुतेकांना नोकरी हवी होती. बाईंनी कोबॉलनं सुरुवात केली.