अर्जातला रिकामा रकाना

१९५८ च्या जूनमध्ये तोंडवलीची विमला कोल्हापूरच्या कॉलेजचा अर्ज भरायला बसली आणि एका रकान्यापाशी अडली. नाव, गाव, मॅट्रिकचे अठ्ठावन्न टक्के, सगळं वळणदार अक्षरात लिहून झालं होतं. पुढे विचारलं होतं, 'अभ्यासाव्यतिरिक्त कार्य व समाजसेवा'. तिने 'काही नाही' असं लिहिलं आणि अर्ज परुळेकर मास्तरांना दाखवला. मास्तर म्हणजे खाडीपलीकडच्या तिच्या शाळेचे मुख्याध्यापक.

"काही नाही कसं?" ते म्हणाले. "चार पावसाळे आमची वीसेक मुलं खाडी ओलांडून कोणी आणली?"

"ती आमचीच होडी, सर."

विमलाचा बाप बाबली खाडीवरचा तारी. पावसाळ्यात त्याचा दमा उसळला की वल्हं हाती धरवत नसे. आठवीत असल्यापासून ते विमलाने धरलं. दप्तरं इरल्याखाली सारायची, लहानग्यांना मधोमध बसवायचं आणि भरतीचा अंदाज घेऊन होडी लोटायची. पुढे कित्येक वर्षं ओल्या सुंभाचा वास आला की तिला त्या सकाळी आठवत.

मास्तरांनी तिचे शब्द खोडून 'चार वर्षे निःस्वार्थ समाजसेवा' असं लिहिलं आणि शाळेचा शिक्का उठवला.

"खोटा काय आसा त्यात?" बाबली घरी म्हणाला.

"बाबा, घराघरातसून भात घेतंव ना आपण?"



मुलाखतीला दोघं एस्टीने गेली. फोंड्याला चहा घेतला, घाट चढताना बाबलीला धाप लागली. कॉलेजच्या बाकावर शहरातल्या मुली बसल्या होत्या. कुणाकडे वक्तृत्वाचं प्रशस्तिपत्र, कुणाकडे खेळाचं, कुणाकडे श्रमदान शिबिराचं. विमलाने आपला एकुलता कागद पदराखाली घेतला.

आत मधल्या खुर्चीवर घोरपडेबाई होत्या. मुलींचं वसतिगृह त्याच बघत.

"निःस्वार्थ समाजसेवा म्हणजे काय केलंस?"

"ते मास्तरांनी मायेने लिहिलंय, बाई. होडी आमची. वर्षाला भात मिळायचं. आणि मलाही शाळेत जायचंच असायचं."

बाजूचे प्राध्यापक हसले. बाई हसल्या नाहीत. "मुलं घाबरायची नाहीत?"

"घाबरायची. मग पाढे म्हणायला लावायचे. एकोणतिसाच्या पाढ्यात अडकली की लाटेकडे लक्ष राहत नाही."

"आणि तू?"

"मी जास्तच घाबरायचे. पण ते मुलांना कळू द्यायचं नसतं."

बाहेर आल्यावर तिने बापाला सगळं सांगितलं. आता काही खरं नाही, असंच तिला वाटत होतं.

"खरा सांगितलंस मा? मगे झाला," बाबली म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला.

पंधरवड्याने पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात जागाही.

शेवटच्या वर्षी तिने धीर करून घोरपडेबाईंना विचारलं, की मला घेतलंत ते होडीमुळे का?

"प्रवेश मार्कांवरच झाला," बाई म्हणाल्या. "प्रशस्तिपत्रांचे इतके गठ्ठे होते, की कुणाचेच नीट वाचले नाहीत. पण वसतिगृहात जागा एक आणि मुली दोन, असं झालं. तेव्हा मला तुझे पाढे आठवले. नव्या मुली घरच्या आठवणीने रडतात गं. त्यांच्यात तुझ्यासारखी एखादी हवी होती."

बी.ए. होऊन विमला त्याच शाळेत शिक्षिका म्हणून परतली. तोवर लांबच्या वळणाने का होईना, रस्ता झाला होता. मुलं एस्टीने कोरडी येऊन उतरत. तिला त्याचा आनंदच होता. तरी शाळा सुटल्यावर ती कधीकधी खाडीकाठी जाई. बाबली सुरूच्या झाडाखाली बसलेला असे.

"पोरां बरी घराक गेली?" तो विचारी.

"गेली, बाबा."

मग दोघं भरती चढेपर्यंत पाण्याकडे बघत बसत.