शेवटी एक हजार तीन असलेला मी

मी एक जुना क्रमांक आहे. चेहरा नाही, आवाज नाही, नुसते आकडे. सुरुवातीला इंग्रजी एस, मग आडव्या रेघा आणि आकड्यांची भलीमोठी रांग, आणि अगदी शेवटी एक हजार तीन. मित्रांनो, संगणकावर तुम्ही आपलं नाव निवडता, पासवर्ड टाकता आणि आत जाता. तुम्हाला वाटतं, तो नावानं ओळखतो. छे हो! नाव तुमच्या समाधानासाठी. आतल्या आत तो माझ्यासारख्या क्रमांकावरूनच माणूस ओळखतो, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुणाला देत नाही.

माझा जन्म २००१ सालचा, कोल्हापुरातल्या एका दूध संघाच्या लसीकरण विभागातला. गडहिंग्लजची पवित्रा तिथं कामाला लागली, तिचं खातं उघडलं आणि मी तयार झालो. गावोगावच्या म्हशींना लस कधी टोचली, याच्या नोंदी ती ठेवायची. त्यासाठी शिवाजी पेठेतल्या वीरेशनं प्रोग्रॅम लिहून दिला होता. विभागप्रमुख हंबीररावांनी त्याला आधीच बजावलं होतं, "नोंदींना पवित्राबिगार कुणी हात लावायचा न्हाय." म्हणून तो प्रोग्रॅम उघडताना संगणकाला विचारायचा, खुर्चीवर कोण बसलंय? मग मी पुढं व्हायचो. मी जुळलो की नोंदी उघडायच्या.

ते दिवस आठवले की अजून गुंगी येते. पंखा घरघरायचा, पवित्रा 'राधानगरी' लिहायची आणि मला धुक्यातून चाललेल्या म्हशी दिसायच्या. खरी म्हैस मी कधी पाहिलेली नाही. पण त्यांच्या कानातल्या बिल्ल्यावर नंबर असायचा, त्यामुळं त्या मला भावकीतल्याच वाटायच्या. संध्याकाळी मशीन बंद झालं की मी त्यांच्यासोबत डोहात डुंबत पडायचो. कौतुक म्हणाल तर एकदाच झालं. वीरेश म्हणाला होता, "हे बेनं कधी चुकत न्हाय." त्यावर मी तीन वर्षं काढली.

मग पवित्राचं लग्न झालं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोटानं तिचं नवं नाव लिहिलं, दानेश्वरी. हंबीररावांना वाटलं, पोरगी रजेवरून येईल तेव्हा पडद्यावर नवं नाव दिसावं, तोच आपला आहेर. त्यांनी स्वतः बसून जुनं खातं काढून टाकलं, नवं उघडलं आणि मॉनिटरला झेंडूचा हार घातला. खातं तेच ठेवून नुसतं नाव बदलता येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माणूस मनानं चांगला, पण त्या दिवशी माझा जीव गेला. माझ्या जागी दुसरा आला, शेवटी एक हजार सात असलेला.

रजेवरून आलेली पवित्रा हार बघून हसली. तिनं प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर अक्षरं आली, 'तुम्हाला परवानगी नाही.' नेमकी त्याच सकाळी राधानगरीकडं लाळ्या-खुरकत रोगाची साथ आल्याची बातमी होती. दारात गाडी उभी होती, बर्फाच्या पेटीत लस होती, पण ती सगळ्यांना पुरणारी नव्हती. कुठल्या म्हशी टोचायच्या राहिल्यात, ती यादी आत अडकली होती. इतक्यात तिकडच्याच झुंबरबाईंचा फोन आला. "बाई, आमच्याकडं एकच म्हस हाय. तिला टोचलंय का न्हाय, तेवढं सांगा की."

"आजी, मीच लिहिलंय ते," पवित्रा म्हणाली, "आणि मलाच दिसंना झालंय." हंबीरराव कपाळाला हात लावून बसले.

वीरेश लुना दामटत आला. नोंदींच्या फाईलचा मालक कोण, ते त्यानं उघडून पाहिलं. आणि मित्रांनो, तिथं मी होतो. नाव गेलं होतं, त्यामुळं संगणकानं माझे उघडे आकडेच पडद्यावर मांडले होते. जिवंतपणी मला कुणी पाहिलं नाही, मेल्यावर सगळे वाकून बघायला लागले.

"कोण हे एक हजार तीन?" पवित्रानं विचारलं.

"तुम्हीच की."

"मग एक हजार सात?"

"तेबी तुम्हीच."

तिनं काचेवर माझ्या आकड्यांवर बोट ठेवलं. तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मला परत आणणं वीरेशच्याही हातात नव्हतं. पण त्यानं प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली की हे दोन्ही क्रमांक एकाच बाईचे. तासाभरात यादी उघडली आणि गाडी निघाली. झुंबरबाईंची म्हैस राहिलेल्यांतच होती. तिला त्याच दुपारी लस टोचली. काही आठवड्यांनी फोन आला, "म्हस धडधाकट हाय. दूध देतीया."

मित्रांनो, कुणाला नवं नाव खुशाल द्या, हारही घाला. पण जुनं पुसण्याआधी, ते ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. एवढंच माझं मागणं आहे.

मी आता त्या एका ओळीत पडून असतो. रोज सकाळी प्रोग्रॅम विचारतो, खुर्चीवर कोण बसलंय? एक हजार सात पुढं होतो. प्रोग्रॅम जरा थबकतो, माझ्याकडं बघतो, आणि मी झोपेतच सांगतो, "व्हय, तीच हाय. उघड."