चारशे अकरावा नंबर

किडनीची वाट पाहणाऱ्या रुग्णांची यादी जुन्या संगणकातून नव्यात आणायचं काम रुग्णालयाच्या संगणक विभागात तिच्याकडे आलं, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, "नोंदणीच्या तारखा नव्या रूपात बदलायला प्रोसिजर लिही, एकेक नोंद तपासत जाणारा पूर्ण प्रोग्रॅम; एका ओळीत उत्तर देणारं फंक्शन नको. फंक्शनला एखादी तारीख कळली नाही, तर ते गुपचूप कोरी जागा सोडेल. प्रोसिजर निदान कुठे अडलं ते बाजूला लिहून ठेवेल."

तिने कानाडोळा केला. फंक्शन एकदा लिहिलं की कुठेही एका ओळीत वापरता येतं. प्रोसिजरचा पसारा कोण मांडणार? दिवस, महिना, वर्ष अशा सहा आकडी तारखा तिने तपासल्या. सगळ्या चोख निघाल्या. बुधवारी नवी यादी सुरू झाली.

पुढच्या मंगळवारी दुपारी एक बाई तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मागच्या आठवड्यात सोमवारी माझ्या नवऱ्याचा नंबर पहिला होता. आज चारशे अकरावा म्हणतात. सहा वर्षं थांबलोय हो आम्ही."

तिने नोंद उघडली. नोंदणीची तारीख कोरी. जुन्या संगणकात मात्र पाच आकडे होते. त्या काळी तारीख नव्हे, तर कुठल्याशा दिवसापासून मोजलेले दिवस ठेवले जात. सगळ्यात जुने सदतीस रुग्ण तारखेविना यादीच्या तळाशी गेले होते.

तिने प्रत्यारोपण विभागात फोन लावला. "आज कुणालाच किडनी देऊ नका!"

"आलेली किडनी थांबत नाही, ताई. चारपर्यंत यादी पाठवा."

दोन वाजून गेले होते. साहेब रागावले नाहीत. शेजारी खुर्ची ओढून बसले. "लिही आता प्रोसिजर."

पण मोजणी कुठल्या दिवसापासून? बाईने पर्समधून नवऱ्याचं नोंदणीकार्ड काढलं. त्यावरच्या तारखेतून दिवस वजा केले आणि मूळ दिवस सापडला. दोनदा कंस चुकला. प्रोसिजर एका दमात चालली: चौतीस तारखा लागल्या, तीन संशयित म्हणून बाजूला पडल्या. त्या तिने धावत जाऊन जुन्या कागदी रजिस्टरात शोधल्या. चारला आठ मिनिटं असताना यादी गेली. बाईचा नवरा पुन्हा पहिला होता.

फोन आला. "आजची किडनी त्यांच्या रक्तगटाची नाही. पाचव्या नंबरला जातेय."

मग बुधवारपासूनच्या वाटपाच्या नोंदींत तिला नको ते दिसलं. गुरुवारीही एक किडनी आली होती. बाईच्या नवऱ्याच्याच रक्तगटाची. ती त्या चुकीच्या यादीतल्या एकोणिसाव्या माणसाला गेली होती.

"मी येतो सोबत," साहेब म्हणाले.

"नको. फंक्शन माझं होतं."

बाहेर बाकावर बाई वाट पाहत होती. तिने शेजारी बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. बाईने नोंदणीकार्ड पर्समध्ये ठेवलं.

"ज्याला मिळाली, तो बरा आहे?"

"हो."

"बरं." बाई उठली. "पुढची आली की फोन करा. पण तुम्ही नका करू. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."